‘सर्वानुमते’ म्हणजे नक्की कोणाच्या मते?

ग्रामसभा, सहकारी गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, वाचनालय किंवा शाळेची व्यवस्थापन समिती, यांपैकी कोणाचेही इतिवृत्ताचे पुस्तक उघडले तर जवळजवळ प्रत्येक ठरावाखाली तीच अक्षरे दिसतात : सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की अनेकदा सभा सुरू होण्याआधीच ते लिहून ठेवलेले असतात. प्रत्यक्षात ‘सर्वानुमते’ हे ठरावाखाली उमटवायचे शोभेचे शिक्के नव्हेत. सभेत बसलेल्या प्रत्येक माणसाविषयी केलेले ते एक विधान आहे, आणि इतर कोणत्याही विधानाप्रमाणे तेही खरे किंवा खोटे असू शकते. ते केव्हा खरे ठरते, कोणते शब्द त्याच्या जवळचे असूनही त्याच्याहून वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्याने काय बिघडते, हे समजून घेणे सभेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

मराठीत या अर्थाचे दोन शब्द मुख्यतः वापरले जातात. ‘एकमताने’ यात सगळ्यांचे मत एकच असल्याचे सांगितले जाते. ‘सर्वानुमते’ यात सर्वांनी अनुमत केल्याचे, म्हणजे मान्यता दिल्याचे सांगितले जाते. रोजच्या लेखनात आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो आणि त्यात चूक काढण्याचे कारण नाही. तरी फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या सभासदाचे स्वतःचे मत वेगळे असू शकते, आणि तरीही पूर्ण विचार करून, ‘मला दुसरा पर्याय अधिक आवडला असता, पण हाही चालेल’ असे म्हणून तो ठरावाला हात वर करू शकतो. अशा वेळी एकमत झालेले नसते, अनुमती मात्र सर्वांची असते. सभेच्या कामकाजाला एवढी अनुमती पुरते. मने तपासण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षाला नाही, तो फक्त वर आलेले हात मोजू शकतो. तिसरा शब्द ‘एकवाक्यता’. तो मीमांसाशास्त्रातून आला आहे, आणि अनेक विधाने मिळून एकच अर्थ सांगत असतील तेव्हा तो शोभतो. म्हणूनच ‘या शिलालेखाच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही’ हे वाक्य बरोबर वाटते आणि ‘सोसायटीने एकवाक्यतेने रंगाचे कंत्राट दिले’ हे वाक्य कानाला खटकते.

हे सगळे शब्द पूर्णतेचे आहेत, त्यांना कमी-जास्त होत नाही. ‘बहुतांश सर्वानुमते’ किंवा ‘जवळपास एकमताने’ असे वृत्तपत्रांत वाचायला मिळते, पण चाळीस जणांपैकी एकोणचाळीस जण बाजूने असतील तर तो ठराव प्रचंड बहुमताने झाला, सर्वानुमते झाला नाही. उरलेला एक माणूस गणितात नगण्य असला, तरी त्याच्यामुळे शब्द बदलतो. संसदेतले अलीकडचे एक उदाहरण यासाठी फार स्पष्ट आहे. लोकसभेत आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने २० सप्टेंबर २०२३ रोजी मंजूर केले, तेव्हा ४५४ मते बाजूने आणि २ विरोधात पडली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ मते बाजूने पडली आणि विरोधात एकही पडले नाही. विधेयक तेच, उत्साहही सारखाच, पण राज्यसभेतल्या मंजुरीला ‘एकमताने’ म्हणता येते आणि लोकसभेतल्या मंजुरीला म्हणता येत नाही. विरोधातल्या त्या दोन मतांपैकी एक मत मराठवाड्यातल्या तेव्हाच्या औरंगाबाद मतदारसंघाच्या खासदारांचे होते. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ‘संसदेने एकमताने मंजूर केले’ असे सरसकट लिहिले की ते म्हणणे नोंदीतून पुसले जाते.

घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत लागते, त्यामुळे तिथे मते मोजावीच लागतात आणि आकडे उरतात. साध्या विधेयकांवर बहुधा आवाजी मतदान होते. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’ असे पीठासीन अधिकारी म्हणतात आणि ज्या बाजूचा आवाज मोठा वाटेल तिचे बहुमत जाहीर करतात. कोणी मतविभागणी मागितली नाही तर आकडा निघतच नाही. आवाजी मतदानाने झालेली मंजुरी म्हणजे एकमताची मंजुरी नव्हे. ‘नाही’ म्हणणारे काही आवाज तिथे असू शकतात, फक्त ते मोजले गेलेले नसतात.

खरी अडचण ‘सर्व’ या शब्दाशी सुरू होते. सर्व म्हणजे कोण, सभेला आलेले सगळे की संस्थेचे सगळे? याचे एकच एक उत्तर नाही. ते प्रत्येक कायदा किंवा उपविधी आपापल्या गरजेप्रमाणे देतो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ सांगतो की, करारात काही वेगळे ठरले नसेल तर, धंद्यातल्या नेहमीच्या कामांबाबतचे मतभेद भागीदारांच्या बहुमताने सोडवावेत, पण धंद्याचे स्वरूपच बदलायचे असेल किंवा नवा भागीदार घ्यायचा असेल तर सर्व भागीदारांची संमती हवी. इथे ‘सर्व’ म्हणजे खरोखरच सर्व. परगावी गेलेला भागीदारही त्यात आला, कारण नव्या भागीदाराच्या व्यवहाराची झळ त्याच्याही मालमत्तेला लागणार असते. याउलट कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८६ नुसार कंपनीचा पैसा दुसरीकडे कर्जाऊ द्यायचा किंवा गुंतवायचा असेल, तर संचालक मंडळाच्या बैठकीला हजर असलेल्या सर्व संचालकांची संमती लागते. इथे ‘सर्व’ म्हणजे त्या खोलीत बसलेले. गैरहजर संचालकाचा नकार कितीही तीव्र असला तरी तो या मोजणीत येत नाही. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, पण त्याचा परीघ वेगळा आहे. इतिवृत्तात म्हणून ‘उपस्थित सभासदांनी सर्वानुमते’ असे लिहावे आणि उपस्थितांची संख्या शेजारीच द्यावी. दोनशे सभासदांच्या संस्थेत तहकूब सभेला अकरा जण आले आणि अकराही जणांनी हात वर केले, तर तो निर्णय सर्वानुमते झाला हे खरेच आहे, पण ‘संस्थेच्या सर्व सभासदांची मान्यता आहे’ असे पुढे बँकेला किंवा बिल्डरला सांगणे खोटे आहे.

त्याहून नाजूक प्रश्न गप्प बसणाऱ्याचा. जो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, त्याला कुठे मोजायचे? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा ४८ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात कोणीच मत दिले नाही आणि ८ देश तटस्थ राहिले. त्या आठांत सोव्हिएत संघ आणि त्याच्या गटातले देश होते, सौदी अरेबिया होता आणि वर्णभेदाचे धोरण राबवणारा दक्षिण आफ्रिकाही होता. एकही विरोधी मत नसल्याने हा जाहीरनामा एकमताने स्वीकारला गेला असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. त्याला विरोध झाला नाही एवढे म्हणणे खरे आहे. सर्वांनी मान्य केला असे म्हणणे मात्र खरे नाही, कारण त्या आठ देशांनी विचारपूर्वक मान्यता रोखून धरली होती, आणि प्रत्येकाकडे त्याची कारणे होती. दक्षिण आफ्रिकेला ‘सर्व माणसे समान’ या तत्त्वाखाली सही करायची नव्हती, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘एकमताने’ या एका शब्दात ती हरवते.

संयुक्त राष्ट्रांच्याच सुरक्षा परिषदेत तटस्थतेला आणखी वेगळा अर्थ मिळाला आहे. तिथे १५ सदस्यांपैकी ९ मते बाजूने लागतात आणि महत्त्वाच्या बाबींवर पाचही कायम सदस्यांची सहमती लागते, असे सनदेच्या कलम २७ मध्ये म्हटले आहे. शब्दशः वाचले तर एखादा कायम सदस्य तटस्थ राहिला तरी ठराव अडायला हवा. पण परिषदेने सुरुवातीच्या वर्षांपासूनच तटस्थतेला नकाराधिकार न मानण्याची प्रथा पाळली, आणि १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नामिबियाविषयीच्या आपल्या सल्लामतात ती प्रथा ग्राह्य धरली. मौनाला स्वतःचा अर्थ नसतो, सभेचे नियम तो ठरवतात, हे यावरून कळते. आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम् असे सहज म्हटले जाते, पण सभेच्या कामकाजात त्यावर विसंबू नये. मौन म्हणजे संमती असे नियमाने आधी ठरवले असेल तरच ते संमती ठरते.

यापुढचा शब्द ‘बिनविरोध’, आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त गल्लत याच शब्दाची होते. निवडणुकीत जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले तर मतदान होत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५३ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी त्या उमेदवारांना निवडून आल्याचे जाहीर करतो. १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी अशाच पद्धतीने राष्ट्रपतिपदावर बिनविरोध आले, आणि २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघातही इतर उमेदवारांचे अर्ज बाद झाल्यावर किंवा मागे घेतले गेल्यावर मतदानाची वेळच आली नाही. या दोन घटनांची पार्श्वभूमी अगदी वेगळी आहे, पण कायद्याच्या भाषेत दोन्ही बिनविरोधच. कारण बिनविरोध हा शब्द फक्त एवढेच सांगतो की समोर कोणी उरले नाही. लोकांचा पाठिंबा होता की नव्हता, याबद्दल तो काहीच सांगत नाही. सर्वानुमते निवडीत प्रत्येकाला विचारलेले असते, बिनविरोध निवडीत कोणालाच विचारावे लागत नाही.

गावाने एकत्र बसून, भांडणे आणि खर्च टाळण्यासाठी, ग्रामपंचायतीचे सदस्य आपसांत ठरवावेत ही आपल्याकडची जुनी आणि पुष्कळदा चांगली रीत आहे. पाचामुखी परमेश्वर या म्हणीमागे तीच श्रद्धा आहे. पण चावडीवर खरोखर सगळ्यांना विचारून झालेली बिनविरोध निवड आणि पैसेवाल्याने इतरांचे अर्ज मागे घ्यायला लावून साधलेली बिनविरोध निवड कागदावर अगदी सारख्याच दिसतात. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. लिलावात बोली जिंकणाऱ्याला विरोध उरत नाही, म्हणून ती निवड गावाच्या एकमताची होत नाही. उलट ज्यांना विचारायला हवे होते, त्या मतदारांच्या हातातले मतच काढून घेतलेले असते. या कारणासाठी ‘गावाने एकमताने बिनविरोध निवड केली’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी बातमीदाराने गावातल्या दोन-चार वेगळ्या वस्त्यांवर जाऊन विचारावे, असे मला मनापासून वाटते. दलित वस्तीतल्या किंवा पाड्यावरच्या माणसाला त्या बैठकीचा निरोप पोहोचला होता का, या एका प्रश्नाच्या उत्तरावर ‘एकमत’ हा शब्द उभा राहतो किंवा पडतो.

‘सहमती’ हा शब्द यांच्या मधोमध बसतो. जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ करारात त्याची फार नेमकी व्याख्या दिलेली आहे : बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने प्रस्तावित निर्णयाला औपचारिक आक्षेप घेतला नाही, तर तो निर्णय सहमतीने झाला असे मानायचे. म्हणजे इथे होकार मोजत नाहीत, आक्षेपाचा अभाव मोजतात. आपल्याकडची वस्तू व सेवा कर परिषदही मुख्यतः याच मार्गाने चालते. घटनेत तिच्यासाठी मतदानाची तरतूद आहे. एकूण मतांपैकी एक तृतीयांश वजन केंद्राला, दोन तृतीयांश सर्व राज्यांना मिळून, आणि निर्णयाला हजर सदस्यांच्या भारित मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मते हवीत. तरीही परिषदेची पहिली तीन वर्षे मतदान न करता गेली. डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरच्या कराच्या प्रश्नावर पहिल्यांदा मते घेतली गेली. तोवरचे निर्णय सर्व राज्यांना सारखेच आवडले होते असे नव्हे. आपली हरकत किती ताणायची आणि कुठे सोडायची, हे प्रत्येक अर्थमंत्र्याने चर्चेतच ठरवले होते. सहमतीची ताकद या देवाणघेवाणीत असते. मतदानात ५१ जण ४९ जणांचे ऐकल्याशिवाय पुढे जाऊ शकतात. सहमतीत शेवटच्या आक्षेप घेणाऱ्यापर्यंत जाऊन त्याची अडचण समजून घ्यावी लागते. तिचा धोकाही तिथेच आहे, कारण त्याच शेवटच्या माणसावर इतका दबाव येऊ शकतो की तो पटले म्हणून नव्हे तर थकला म्हणून गप्प बसतो.

न्यायालयांत एकमताचा आणखी एक पदर दिसतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला, पण निकालपत्रे सहा होती. निष्कर्षावर नऊही जण एक होते, तिथे पोहोचण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या होत्या. अयोध्येच्या वादात ९ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने एकच निकालपत्र दिले आणि ते कोणी लिहिले हे नाव घालून सांगितले नाही. एकमत हा शब्द दोन्हींना लागू होतो, पण पहिल्यात ते निष्कर्षाचे आहे आणि दुसऱ्यात निदान कागदावर तरी कारणांचेही आहे. पुढच्या खटल्यांत वकील भांडतात ते मुख्यतः कारणांवर, म्हणून हा फरक केवळ अभ्यासकांपुरता उरत नाही.

कारणांचे एकमत हा विषय करारातही येतो. भारतीय करार कायदा, १८७२ संमतीची व्याख्या करताना सांगतो की, दोन किंवा अधिक माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा त्यांची संमती झाली असे म्हणावे. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द फार विचार करून घातलेले आहेत. समजा, सोसायटीच्या सभेत ‘इमारतीची आवश्यक ती दुरुस्ती करावी’ असा ठराव आला आणि सगळ्यांनी हात वर केले. तळमजल्यावरच्या सभासदाच्या मनात फुटलेली सांडपाण्याची वाहिनी होती, वरच्या मजल्यावरच्याच्या मनात गळणारी गच्ची, आणि कमिटीच्या मनात प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट. हात सगळ्यांचे वर आले, एकमत मात्र एका मोघम वाक्यापुरतेच झाले. सहा महिन्यांनी बिले आली की भांडण पेटते आणि प्रत्येकजण इतिवृत्तातल्या त्याच ‘सर्वानुमते’कडे बोट दाखवतो. ठराव जितका मोघम तितके एकमत सोपे, आणि तितकेच निरुपयोगी.

फौजदारी न्यायात एकमत मागण्यामागे वेगळा विचार आहे. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यायचे असेल तर एकाही ज्यूरीच्या, म्हणजे कौल देण्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकाच्या, मनात वाजवी शंका उरू नये, असे काही देश मानतात. अमेरिकेत लुइझियाना आणि ओरेगन या दोन राज्यांत बारापैकी दहा ज्यूरींच्या मतावरही गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवता येत असे. २० एप्रिल २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. इंग्लंडने मात्र १९६७ पासून दहा विरुद्ध दोन असा निर्णय चालवून घेतला आहे. मुंबईत १९५९ मध्ये गाजलेल्या नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खून खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला होता. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि उच्च न्यायालयाने ठोठावलेली जन्मठेप १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

मोठ्या संख्येने हात वर आले म्हणजे निर्णय बरोबर ठरतो, असेही नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक एकमताने मंजूर केले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते आरक्षण रद्द ठरवले, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या पुढे नेण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती नाही यावर पाचही जणांचे एकमत होते. त्याच निकालात, मागासवर्ग ठरवण्याच्या अधिकाराशी संबंधित अशा १०२ व्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावताना मात्र तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली. एकाच निकालपत्रात एका मुद्द्यावर एकमत आणि दुसऱ्यावर मतभेद असू शकतो, म्हणून ‘निकाल एकमताने’ असा मथळा देण्यापूर्वी कोणत्या मुद्द्यावर, हे पाहावेच लागते.

विरोधी मत जपून ठेवण्याचे महत्त्व १९७६ च्या निकालाइतके दुसऱ्या कशानेच समजत नाही. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरवले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. बहुमतातल्या चौघांत पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात हा जुना निर्णय रद्दबातल झाला, आणि तो रद्द करणारे निकालपत्र यशवंतरावांच्या चिरंजीवांनी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्या निकालपत्राला आधारासाठी खन्नांचे विरोधी मत तयार मिळाले, कारण ते १९७६ मध्ये स्वतंत्रपणे नोंदवले गेले होते. संस्थेची एकजूट दिसावी म्हणून खन्नांना सही करायला लावली असती, तर तो आधार कुठून आला असता?

गावच्या किंवा सोसायटीच्या सभेत एवढे मोठे प्रश्न क्वचितच येतात, पण रीत तीच लागू पडते. ठराव वाचून दाखवावा, बाजूचे हात मोजावेत, मग विरोधातले हात मोजावेत आणि शेवटी तटस्थ कोण आहे हेही विचारावे. अनेक सभांत दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारलाच जात नाही. ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ एवढे म्हणून टाळ्या घेतल्या जातात, आणि टाळ्या न वाजवणारा माणूस इतिवृत्तात मान्यता देणारा ठरतो. तिन्ही प्रश्न विचारल्यावर विरोध आणि तटस्थता दोन्ही शून्य असतील तर ‘उपस्थित ४२ सभासदांनी सर्वानुमते मंजूर’ असे अभिमानाने लिहावे. कोणी तटस्थ असेल तर ‘४० बाजूने, विरोध नाही, २ तटस्थ’ असे लिहावे. एक जण विरोधात असेल आणि त्याने मागणी केली तर त्याचे नाव आणि एका ओळीत त्याचे कारणही लिहावे. यातून पुढे कायदेशीर प्रश्न उद्भवला तर त्या सभासदाची जबाबदारी कुठवर होती, हे ठरवायला तीच ओळ पुरावा म्हणून उपयोगी पडते. आणि ज्याचा विरोध ‘सर्वानुमते’खाली झाकला गेला असेल त्याने पुढच्या सभेची वाट पाहावी. त्या सभेतला पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हाच असतो, आणि इतिवृत्त कायम होण्यापूर्वी उभे राहून ‘माझे मत विरोधात होते, तशी दुरुस्ती करावी’ एवढे म्हणावे. त्या दुरुस्तीची नोंद मग त्या दिवसाच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.